घराजवळची चार झाडं आणि एक लाख दहा हजार

दापोली तालुक्यातल्या एका घराबद्दल पत्र आलं आहे. लिहिणारे डोंबिवलीला नोकरी करतात. गावी सत्तरी ओलांडलेले आई-वडील दोघंच. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. पडवीपासून बारा फुटांवर आजोबांनी लावलेला रायवळ आंबा, मागच्या खोलीला जवळजवळ टेकलेला फणस, पुढच्या अंगणात दोन माड. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात छप्पर गेलं, ते पुन्हा घालायला २ लाख ४० हजार लागले. तेव्हापासून वारा सुटला की आईंना झोप नाही. वडील म्हणतात, आंब्याला हात लावायचा नाही. ठेकेदाराने चारही झाडांचे मिळून १ लाख १० हजार सांगितले आहेत. दुसरा एक जण म्हणतो, लाकूड मला द्या, तोडणी फुकट. वाचक विचारतात: ३ लाखांची मुदत ठेव मोडून एकदाच सगळं साफ करून टाकू का? दोन वर्षांच्या त्या ठेवीचे पाच महिने राहिले आहेत.

नमस्कार. आधी माझं मत सांगतो, मग हिशोब. चारही झाडं तोडू नका. ठेव मोडू नका. फणस मात्र एप्रिलच्या आत उतरवून घ्या, आणि तो उतरेपर्यंत आई-वडिलांची झोपण्याची जागा मागच्या खोलीतून पुढे हलवा. याला एक रुपयाही लागत नाही, म्हणून हे या आठवड्यातच करा.

तुमच्या पत्रात सगळा विचार ‘झाडं’ असा एकत्र झाला आहे, आणि ठेकेदाराचा आकडाही तसाच एकगठ्ठा मनात बसला आहे. पण त्याच्या कागदावर फोड आहे: आंबा ४८,०००, फणस २७,०००, माड प्रत्येकी ६,०००, बुंधे जेसीबीने उपटायचे १८,०००, ओंडके-फांद्या वाहून न्यायचे ५,०००. सर्वांत मोठी रक्कम आंब्याची आहे, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोंत सर्वांत कमी धोकादायक दिसतो तोही आंबाच. खोड सरळ, बुंध्याशी पोकळी नाही, बुरशीची छत्री नाही, फांद्यांचा घेर सगळीकडे सारखा. निसर्ग वादळात तो उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हाही राहिला. म्हणून तो कधीच पडणार नाही असं मी म्हणत नाही. पण ज्याच्यावर ४८ हजार खर्च करायचे त्याच्या धोक्याचा काहीतरी पुरावा हवा, आणि इथे तो दिसत नाही.

फणसाची गोष्ट वेगळी आहे. तुम्हीच लिहिलं आहे की दोन वर्षांपूर्वी शौचालयाची टाकी खणताना त्याची एका बाजूची मुळं तोडावी लागली. फोटोत तो घराकडे कललेला आहे आणि कललेल्या बाजूच्या उलट, म्हणजे टाकीकडे, जमिनीला भेग पडली आहे. मुळं धरून ठेवत नाहीत याची ही खूण. पहिल्या मोठ्या पावसात माती भिजली आणि त्यात वारा आला, तर तो कुठे जाईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ज्या खोलीवर तो जाईल तिथे दोन म्हातारी माणसं झोपतात. इथे छपराची किंमत आणि पडण्याची शक्यता यांचा गुणाकार करत बसायचं नाही. २७ हजार घालायचे आणि मोकळं व्हायचं.

दोन माडांपैकी डावीकडच्याचा शेंडा सुकला आहे आणि खोडाला भोकं पडून त्यातून तांबूस डिंकासारखं गळतंय, असं तुम्ही म्हणता. ही सोंड्या भुंग्याची लक्षणं आहेत. माड असा आतून पोखरला की शेंडाच कोसळतो. तो काढा, ६ हजार. उजवीकडचा चांगला आहे, नारळ देतोय. त्याला फक्त पाडेलीकडून, म्हणजे माडावर चढणाऱ्याकडून, वर्षातून दोनदा साफ करून घ्या. सुकी झापं आणि नारळ खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर पडतात, ती भीती वादळापुरती नसते.

एक मात्र सांगतो. मी पैशांचा सल्लागार आहे, फोटोवरून झाड ओळखणं हे माझं काम नव्हे. पैसे देण्याआधी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या जाणकाराला अंगणात उभं करा. तोडणाऱ्यालाच ‘तोडायला हवं का’ असं विचारू नका; त्याचं पोट तोडण्यावर आहे.

आता आंब्याचं. वडिलांचं मन राखायचं आणि आईंची झोपही, तर मधला रस्ता छाटणीचा. घरावर आलेल्या फांद्या आणि वरचा डोलारा थोडा कमी केला की वाऱ्याचा जोर खोडावर कमी येतो. एका वेळी झाडाचा पाव भाग, त्याहून जास्त नको, आणि कापलेल्या जागांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावून घ्या, नाहीतर तिथून बुरशी शिरते. यासाठी मी १५ हजार धरतो. दर तुम्ही दोघांकडून घ्या. फांद्या दोर लावून तुकड्या-तुकड्याने उतरवायच्या, असं आधी ठरवा. घरावर आलेली फांदी एकदम सोडली तर कौलांचा खर्च वेगळा.

बुंधे उपटायचे १८ हजार मी सरळ खोडून टाकीन. फणसाचा बुंधा चौथऱ्याला इतका जवळ आहे की जेसीबी लावला तर चिऱ्याच्या पायाला धक्का बसेल. जमिनीलगत कापून ठेवा, पावसापाण्याने काही वर्षांत तो आपोआप कुजेल. फुटवा आला तर खुडत राहा.

मग राहिलं काय? फणस २७, एक माड ६, आंब्याची छाटणी १५, वाहतूक ५. एकूण ५३ हजार. यात लाकडाची किंमत अजून धरलेली नाही.

‘लाकूड मला, तोडणी फुकट’ हे ऐकायला बरं वाटतं, पण फुकट काही नाही. तो माणूस लाकूड विकत घेतोय आणि किंमत सांगत नाही. फणसाचं लाकूड आपल्याकडे दारं-खिडक्यांना आणि फर्निचरला चालतं, रायवळ आंब्याचं हलकं समजतात. तुमच्या फणसाचा घेर ६ फूट आणि सरळ खोड ८ फूट आहे. वखारीत मोजतात तसं मोजा: घेराचा चौथा भाग, म्हणजे १८ इंच, त्याचा वर्ग ३२४, त्याला १४४ ने भागलं की सव्वादोन, गुणिले लांबी ८ फूट. झाले १८ घनफूट. घनफुटाला ५०० रुपये जरी धरले तरी ९ हजार. खरा दर दापोली आणि खेडच्या दोन वखारींत विचारा, मग त्या माणसाशी बोला. आणि पहिल्या ठेकेदाराच्या कागदावर लाकूड कोणाचं, हे लिहिलेलंच नाही. म्हणजे तो २७ हजारही घेणार आणि लाकूडही नेणार. तोडणीचा दर आणि लाकडाची किंमत या दोन ओळी वेगवेगळ्या लिहून घ्या.

त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी हव्यात. कौलं, भिंत, टाकी यांचं नुकसान झालं तर भरून कोण देणार. वर चढणाऱ्या माणसाला अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, आणि त्याचा विमा आहे का. तिसरं, आगाऊ रक्कम एक तृतीयांशाहून जास्त नाही, बाकी अंगण साफ झाल्यावर. माणूस झाडावरून पडला तर त्याच्या घरचा आधार जातो. स्वस्तातला दर पुष्कळदा दोर, पट्टा आणि जादा माणूस यांतच काटकसर करून निघालेला असतो. दोन-तीन हजार जास्त देऊन नीट साधनं असलेला माणूस घ्या. विजेची तार जवळ असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात आधी अर्ज देऊन त्या दिवशी पुरवठा बंद करून घ्या.

परवानगीचा विषय पत्रात आलाच नाही, म्हणून थोडं सविस्तर. शहरांत झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला आणि नियम खूप कडक झाले. तुमचं घर गावात आहे, तिथे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा लागतो. त्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत. स्वतःच्या अंगणातला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. जीविताला आणि मालमत्तेला धोका हे परवानगीचं मान्य कारण आहे, त्यामुळे कललेलं खोड, जमिनीची भेग आणि घराचं अंतर दाखवणारे फोटो जोडून वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा. आंब्याच्या मोठ्या फांद्या उतरवायच्या आहेत, त्याचाही उल्लेख त्याच अर्जात करा. लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वाहतूक परवाना लागेल का, तेही तिथेच विचारा. ‘परवानगीचं मी बघतो’ असं ठेकेदार म्हणाला तरी कागद हातात आल्याशिवाय करवत चालू द्यायची नाही. झाड तुमचं, तर गुन्हाही तुमच्यावर.

आणि सातबारा. तुम्ही ओघात लिहिलं आहे की त्यावर दोन चुलत भावांचीही नावं आहेत. मग झाडं एकट्या तुमच्या वडिलांची नाहीत. दोघांची लेखी संमती घ्या, आणि ती मागतानाच खर्च आणि लाकूड या दोन्हींत त्यांचा वाटा किती, हे बोलून घ्या. पुढे चार हजारांच्या फळ्यांवरून बोलणं बंद झालेली भावंडं मी पाहिली आहेत.

पैसे कुठून आणायचे? ठेव मोडलीत तर साधारण एक टक्का व्याज कापलं जाईल असं धरू. ३ लाखांवर झालेल्या १९ महिन्यांचे ते ४,७५० रुपये. त्याऐवजी त्याच ठेवीवर ६० हजारांचं कर्ज घ्या. बँका ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. ९ टक्के धरले तर पाच महिन्यांचं व्याज २,२५०. मुदत संपली की ठेवीतूनच फेडा. तुमच्या बँकेचे दोन्ही दर विचारून आकडे बदलून बघा, पण ठेवीच्या पाचव्या भागासाठी सगळी ठेव मोडणं सहसा परवडत नाही. सोनं गहाण ठेवायची किंवा वैयक्तिक कर्जाची इथे काहीच गरज नाही.

ठेकेदाराच्या १ लाख १० हजारांतून वाचलेल्या ५७ हजारांतले थोडे एका कामाला लावा, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही: घराचा विमा. २०२१ च्या एप्रिलपासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी मिळते. वादळ, पूर, वीज, भूस्खलन तिच्यात येतं, आणि घरावर झाड पडून झालेलं नुकसानही. गवताचं, झापांचं, बांबूचं घर असेल तर ते कच्चं धरून ही पॉलिसी मिळत नाही. चिऱ्याच्या भिंती आणि कौलं त्यात मोडत नाहीत. विम्याची रक्कम जमीन सोडून, घर पुन्हा बांधायला जे लागेल ती. चटईक्षेत्र ९०० चौरस फूट आणि बांधकाम १,८०० रुपये दराने धरलं तर १६ लाख २० हजार. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्क्यांपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं. हप्ता जेसीबीच्या १८ हजारांच्या आसपासही जाणार नाही. पॉलिसी वडिलांच्या नावे घ्या, कारण घरपट्टी त्यांच्या नावे आहे. उभ्या झाडाच्या तोडणीचे पैसे विमा देत नाही, आणि धोका डोळ्यांसमोर असताना फणस तसाच ठेवून दाव्याची वाट बघणंही बरोबर नाही. विमा आंब्यासाठी आणि उरलेल्या माडासाठी आहे.

वेळेचं बघा. निसर्ग जूनच्या तिसऱ्या दिवशी आलं, तौक्ते मेच्या मध्यावर. मे लागला की तोडणारी माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर तोंडाला येईल तो दर सांगतात. परवानगीला किती आठवडे जातील ते हातात नाही, म्हणून अर्ज याच महिन्यात. त्याच्याही आधी दोन्ही चुलत भावांना फोन करा. त्यांच्या सह्या नसतील तर अर्ज तिथेच अडेल.