लीज, भाडं की विकत? परदेशी निघालेल्यांच्या गाडीचे प्रश्न

प्रश्न: ताई, माझा मुलगा नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे, कंपनी त्याला एल-१ व्हिसावर अमेरिकेत टेक्ससला पाठवून राहिली, ऑफिस डॅलसजवळ प्लेनोला आहे. सध्या दोन वर्षं म्हणतात पण कधी म्हणतात वाढेल, कधी म्हणतात प्रोजेक्टवर आहे. सोबत सून आणि तीन वर्षांचा नातू. मुलाचा मित्र तिथं अर्विंगला राहतो, तो म्हणतो लीजवर नवी कोरी गाडी घे, महिन्याचे पैसे भर, रिपेअरिंगची कटकटच नाही. माझं म्हणणं गाडी स्वतःच्या नावावर असावी. सून म्हणते सरळ भाड्यानं घेऊ. रोज जेवताना हाच विषय चालतो. तुम्ही तिथं राहून आल्या म्हणून विचारतो. - एक वाचक, मनीषनगर

उत्तर: काका, तुमच्या पत्रात गाडीपेक्षा महत्त्वाचं काही असेल तर ते 'दोन वर्षं म्हणतात पण' यातलं 'पण'. आधी त्याचा निकाल लावा. मुलाला सांगा की कंपनीकडून लेखी घे, पोस्टिंग किती महिन्यांचं आहे आणि मधेच परत बोलावलं तर गाडीचा करार मोडायचा खर्च कोण देणार. व्हिसा तीन वर्षांचा मंजूर झाला म्हणजे नोकरी तिथं तीन वर्षं आहे असं नसतं, हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय. काही कंपन्या तो खर्च देतात, पण आधी विचारलं तर. नंतर विचारलं तर एचआरवाले पॉलिसी दाखवतात.

आता लीज म्हणजे काय, तर गाडी ठरलेले महिने वापरायची, हप्ते भरायचे आणि शेवटी परत करायची; ते आकड्यांत सांगते, कारण मित्र जे 'महिन्याचे पैसे' म्हणतोय ते कुठून येतात हे कळलं की निम्मा वाद मिटतो. समजा गाडी ३०,००० डॉलरची आहे आणि ३६ महिन्यांनी तिची किंमत ५८ टक्के, म्हणजे १७,४०० राहील असं कंपनीनं धरलं. मधले १२,६०० डॉलर तुम्ही भरायचे, ते झाले महिन्याला ३५०. त्याच्यावर व्याज, ज्याला ते मनी फॅक्टर म्हणतात आणि ०.००२५ असा इवलासा आकडा लिहितात, तो २४०० नं गुणला की खरा व्याजदर निघतो, इथं ६ टक्के. हा मनी फॅक्टर ३०,००० आणि १७,४०० च्या बेरजेवर लागतो, म्हणजे महिन्याला आणखी साधारण ११८. झाले ४६८ डॉलर. शिवाय टेक्ससमध्ये लीजच्या गाडीवरसुद्धा पूर्ण किमतीवर ६.२५ टक्के टॅक्स लागतो, ३०,००० वर १,८७५, आणि तो बहुतेक वेळा ग्राहकाच्याच माथी येतो. बऱ्याच राज्यांत फक्त हप्त्यावर टॅक्स असतो, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा हिशोब टेक्ससला लावू नका.

आणि आता तो 'पण'. विसाव्या महिन्यात प्रोजेक्ट संपलं तर सोळा हप्ते उरतात, जवळपास ७,५०० डॉलर. लीज मोडताना हे पैसे, नाही तर त्याच्या जवळपासची रक्कम मागतात. काही कंपन्या लीज दुसऱ्याच्या नावावर करू देतात, काही अजिबात नाही, तेव्हा सही करायच्या आधी तेवढं एक कलम वाचायचंच.

दुसरी गोष्ट मैलांची, इथं आपली माणसं हमखास फसतात. लीजमध्ये वर्षाला १०,०००, १२,००० किंवा १५,००० मैल अशी मर्यादा असते, वरच्या प्रत्येक मैलाला साधारण १५ ते २५ सेंट. अर्विंगहून प्लेनो, घर कुठं त्यावर आहे, पण एका बाजूनं २२ मैल धरा, म्हणजे ३५ किलोमीटर, आपल्या सीताबर्डीवरून बुटीबोरीच्याही पुढे. जाऊन येऊन ४४ मैल, महिन्याचे २२ दिवस, वर्षाचे ११,६१६ मैल नुसत्या ऑफिसलाच झाले. भाजी, नातवाचा डेकेअर, शनिवारचं मंदिर, ऑस्टिन-ह्यूस्टनची एखादी ट्रिप, हे सगळं वरचं. वर्षाला ५,००० मैल जास्त झाले आणि दर २५ सेंट असला तर १,२५० डॉलर, तेही वर्षाचे. शिवाय मधे जॉर्ज बुश टर्नपाईकचा टोल आहे, तिथला टोलटॅग म्हणजे आपला फास्टॅगच समजा. म्हणून मित्र अर्विंगला आहे एवढ्यासाठी घर अर्विंगला घेऊ नका, आधी प्लेनोच्या आजूबाजूला बघा. घर कुठं ते ठरल्याशिवाय गाडीचा निर्णय होऊच शकत नाही.

आमची स्वतःची पहिली गाडी लीजवर होती. परत करायच्या दिवशी एक माणूस आला, खिशातून एटीएम कार्डाएवढं प्लास्टिकचं कार्ड काढलं आणि प्रत्येक ओरखड्यावर ठेवून बघायला लागला, कार्डाखाली झाकला गेला तर माफ, बाहेर आला तर पैसे. मागच्या बंपरवर शॉपिंग कार्टचा एक ओरखडा होता, तो कार्डाच्या बाहेर अर्धा बोट आला. मी तिथं उभी राहून बघत होते आणि पोटात गोळा आला होता, कारण आमचं सामान बांधून झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी विमान होतं, भांडायला वेळच नव्हता. शेवटी ओरखड्याचे, टायर झिजल्याचे आणि गाडी परत घ्यायची डिस्पोझिशन फी असे सगळे मिळून पैसे भरले. त्या कंपनीनं करारात लिहिलं तेच मागितलं होतं, पण घेताना हे कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. म्हणून मी आता सगळ्यांना सांगत असते, लीज संपायच्या दोन महिने आधीच तपासणी मागून घ्या आणि छोटे ओरखडे बाहेरून स्वस्तात दुरुस्त करून घ्या.

आता तुमचं म्हणणं, विकत. मी तुमच्याच बाजूनं आहे काका, पण नवी नाही, चार-पाच वर्षं जुनी. नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की पहिल्याच वर्षात किमतीचा मोठा तुकडा जातो, तो दुसऱ्या कुणाला सोसू द्या. समजा डीलरकडून १६,००० ची जपानी सेडान घेतली, टॅक्स १,००० आणि दोन वर्षांनी ती १२,००० ला गेली. घट आणि टॅक्स मिळून ५,०००, टायर-सर्व्हिसिंगला १,५०० धरा, चोवीस महिन्यांनी भागले तर महिन्याला २७० च्या आसपास. लीजच्या ४६८ शी हे तोलून बघा. आणि मुख्य म्हणजे विसाव्या महिन्यात यायचं झालं तरी तुम्हाला कुणाला दंड द्यायचा नाही, गाडी विकायची आणि निघायचं.

अडचण आहे ती कर्जाची. मुलाचा पगार चांगला असला तरी तिथं त्याची क्रेडिट हिस्ट्री शून्य असणार, स्कोअर तयार व्हायलाच किमान सहा महिने लागतात, इथला सिबिल तिथं सहसा कुणी विचारत नाही. त्यामुळे पहिल्याच महिन्यात कर्ज मागितलं तर व्याजदर ऐकून घाम फुटतो. क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे आपल्या पतसंस्थेसारख्या तिथल्या संस्थेत विचारावं, काही गाडी कंपन्यांच्या नव्यानं आलेल्या परदेशी नोकरदारांसाठी योजना असतात त्याही बघाव्यात. जमत असेल तर जास्तीत जास्त पैसे रोख भरून छोटं कर्ज घ्यावं.

जुनी गाडी घेताना व्हीआयएन नंबरवरून, म्हणजे आपल्या चासी नंबरवरून, तिचा इतिहास काढायचा, कारफॅक्स वगैरे रिपोर्ट मिळतो. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, 'सॅल्व्हेज' (मोठं नुकसान होऊन भंगारात निघालेली) किंवा 'फ्लड' (पुरात बुडालेली) लिहिलेलं असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टनकडे प्रचंड गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि अशा गाड्या धुऊनपुसून दुसरीकडे विकायला निघतात. आणि गारपीट! आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात संत्र्याचा बहार झोडपून काढते तशी डॅलसच्या भागात वसंतात गारपीट होते, बॉनेट आणि छतावर पोचे पडतात. उन्हात गाडी तिरकी बघायची, पोचे दिसतात. नुसत्या पोच्यांची गाडी चालायला ठणठणीत असते, किंमत पाडून मागायला उलट बरी. मात्र स्वतःच्या इन्शुरन्समध्ये कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्यायचं, नाही तर गारांचं नुकसान मिळत नाही. इथल्या इन्शुरन्स कंपनीकडून 'क्लेम नाही' असं इंग्रजी पत्र सोबत न्या, काही कंपन्या मानतात, काही नाही मानत, पण कागद जवळ असलेला बरा.

सूनबाईंचं म्हणणं पहिल्या महिन्यापुरतं एकदम बरोबर आहे. उतरल्या उतरल्या तीन-चार आठवडे भाड्याची गाडी घ्या, घर बघा, ऑफिसचा रस्ता खरंच किती वेळ घेतो ते बघा, मुलानं तिथलं लायसन्स काढावं, लेखी आणि गाडी चालवायची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. विमानतळावरून गाडी घेतली की वरचे चार्जेस जास्त लागतात, शहरातल्या ब्रँचमधून घेतली तर बरंच स्वस्त पडतं. इथून निघताना आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या, फी १,००० रुपये, एक वर्ष चालतं, पण आपलं मूळ लायसन्स सोबत हवंच. नातवासाठी कार सीट मात्र भाड्यानं घेऊ नका, रोजचे पैसे लागतात, तिथं गेल्यावर सरळ विकत घ्या. टेक्ससमध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला, उंची चार फूट नऊ इंचांच्या आत असेल तर, कार सीटमध्ये बसवावंच लागतं. मांडीवर घेऊन बसायचा प्रश्नच नाही, हे आजीलाही आत्ताच सांगून ठेवा.

तेव्हा माझं मत: महिनाभर भाडं, मग जुनी विकत. लीज फक्त तेव्हा, जेव्हा ३६ महिने कागदावर असतील किंवा मोडायचा खर्च कंपनी लिहून देईल.

प्रश्न: मुलीला दुबईत एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर नोकरी लागली. तिथं बँका लगेच कारलोन देतात म्हणे. घ्यावी का? - एक आई, धरमपेठ

उत्तर: एका वर्षासाठी नको. तिथं कारलोन गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं, २० टक्के आपले घालावे लागतात, मुदत जास्तीत जास्त ६० महिने. कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं आणि कर्ज पाच वर्षांचं, हे जुळतच नाही. कर्ज फिटल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही आणि थकवून देश सोडला तर केस होऊ शकते, प्रवासावर बंदी येऊ शकते, तिथं हे फार गंभीरपणे घेतात. महिन्याच्या करारावर भाड्याची गाडी सहज मिळते, सर्व्हिसिंग-इन्शुरन्स त्यांचं. फक्त एक, रेसिडेन्स व्हिसा लागला की भारतीय लायसन्सवर चालवता येत नाही, तिथलंच लायसन्स पाहिजे आणि त्याचे क्लासेस महाग आहेत. वर्षभरासाठी मेट्रोजवळ खोली बघितली तर कदाचित गाडीच लागणार नाही, तिला आधी तेच सुचवा.

प्रश्न: मुलगा परदेशी चाललाय, त्याची एमएच-३१ पासिंगची गाडी घरी उभी ठेवायची की विकायची? मला चालवता येत नाही. - एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: चालवणारं कुणी नाही तर विका. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात उभी गाडी म्हणजे टायर कडक, बॅटरी डाऊन आणि पावसाळ्यात बॉनेटमध्ये शिरलेले उंदीर वायरी कुरतडणार. इन्शुरन्स तरी भरावाच लागतो. मुलाचा नो क्लेम बोनस वाया जात नाही, गाडी विकल्यावर कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या, तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तो तिच्या इन्शुरन्सला लागतो. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आधी, फास्टॅग बंद करायला विसरू नका. आणि गाडी ट्रान्सफरच्या फॉर्म २९, ३० वर मुलाच्या सह्या तो निघायच्या आधीच घेऊन ठेवा. ट्रान्सफरचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर येतो, म्हणून आरसी घेणाऱ्याच्या नावावर झालेली डोळ्यांनी बघेपर्यंत त्याचं इथलं सिम चालू राहू द्या.