वाचकांचे प्रश्न : गोबरगॅस आणि छतावरचं सोलर

प्रश्न : आमच्याकडे चार गाई आणि 2 घनमीटरचा दीनबंधू (जमिनीखालच्या पक्क्या घुमटाचा) गोबरगॅस आहे. थंडी सुरू झाली की गॅस पुरत नाही. शेगडीची ज्योत भकभकते, कधी पिवळी होते. काय करावं? (एक वाचक, संगमनेर तालुका)

उत्तर : गॅस तयारच कमी होतोय, की तयार झालेला शेगडीपर्यंत पोचत नाही, हे आधी वेगळं करा. भकभकणारी ज्योत म्हणजे बहुतेक वेळा पाइपात साचलेलं पाणी. हा गॅस वाफ घेऊनच बाहेर पडतो. थंडीत पाइप गार पडला की वाफेचं पाणी होतं आणि पाइपाला जिथे झोळ आला असेल तिथे ते अडकतं. झोळ काढा, पाइपाला घुमटाकडे किंवा पाणी काढायच्या नळाकडे उतार द्या, आणि तो नळ आठवड्यातून एकदा उघडा. सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती बघा. काडी ओढून कधीही नाही.

पिवळी ज्योत हवा कमी पडल्याची खूण. शेगडीची हवेची चकती फिरवून ज्योत निळी करा, जेट (गॅस जिथून सुटतो ते भोक) साफ करा. शेगडी गोबरगॅसचीच हवी. सिलिंडरच्या शेगडीचं भोक बारीक असतं आणि या गॅसला दाब कमी.

एवढं करूनही गॅस कमी असेल तर शेण मोजा. 2 घनमीटरला रोज सुमारे 50 किलो ताजं शेण लागतं. एका किलोपासून साधारण 40 लिटर गॅस. गाईमागे 10 किलो धरलं तरी तुमचं 40 किलोच भरतं, आणि गाई दिवसभर चरायला जात असतील तर निम्मं शेण रानातच राहतं. मग दोष थंडीच्या माथी मारून उपयोग नाही.

थंडीचा वाटा असतोच. गॅस करणारे जिवाणू 35 अंशांच्या आसपास जोमात असतात, 15 च्या खाली जवळजवळ थंडावतात. म्हणून उन्हात तापलेलं पाणी घेऊन दुपारी भरणी करा आणि घुमटावर पाचट पसरा. शेण आणि पाणी समसमान. गोठा धुतलेलं पाणी आत सोडलं की काला पातळ होतो आणि न कुजताच बाहेर पडतो; त्यात फिनेल असेल तर जिवाणूच मरतात. कडबा, वैरण कालवतानाच काढून टाका, नाहीतर वर जाड थर धरतो. तो काढायला टाकीत उतरू नका, आत गुदमरून माणूस दगावतो.

प्रश्न : छतावर 3 किलोवॅट सोलर बसवलं. भर उन्हात वीज गेली की सोलरही बंद पडतं. इन्व्हर्टर बिघडलाय का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, तो बरोबर चालतोय. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून झटका बसू नये म्हणून ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनची वीज, गेली की तो स्वतःला तोडून घेतो. वीज परतल्यावर थोडा वेळ थांबून पुन्हा जोडला जातो. वीज वारंवार जात असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी लागेल. पण बॅटरीवर दिवे, पंखे, फ्रिज एवढंच वेगळ्या लाइनवर काढा. गीझर आणि मोटर तिच्यावर टाकलीत तर तास-दीड तासात ती रिकामी होते.