नको म्हणण्याइतका उजेड

प्रिय पोरी,

तुझ्या सायकल सफरीची यादी तीनदा वाचली. पहिल्या दोन वेळा वाटलं, शेवटचं पान पाठवायचं राहून गेलं असेल. टायरची रुंदी, जादा स्पोक, चेनच्या कड्या, रोजचं अंतर, रोजचा चढ, सगळं जागच्या जागी आहे. रात्रीच्या रकान्यात मात्र एकच शब्द, ‘तंबू’. बावन्न दिवस, बावन्न वेळा ‘तंबू’. अगं, सहा-सात तास तू सायकलवर असशील. उरलेले सतरा तास कुठेतरी काढशीलच ना?

सामानावर मी फार बोलणार नाही. थॉमस स्टीव्हन्स १८८४ साली उंच चाकाच्या सायकलवरून अमेरिका आडवी पार करून गेला, तेव्हा त्याच्याकडे मोजे, एक जादा शर्ट आणि एक रेनकोट होता. रेनकोट हाच तंबू आणि तेच अंथरूण. (एक पिस्तूलही होतं, त्याचं अनुकरण नको.) तुझा तंबू दीड किलोचा, दोन पदरी आणि मेखा न ठोकता उभा राहणारा आहे. उत्तम. सिमेंटच्या ओट्यावर किंवा एखाद्या पडवीत नुसती मच्छरदाणी म्हणूनही तो कामाला येईल. फक्त तो केशरी रंग बदलून घे. हिरवा किंवा मातकट बघ. का, ते पुढे येईलच.

चांगली जागा कशी ओळखायची हे तू आठवडाभरात शिकशील, त्यात अवघड काही नाही. अवघड असतं ते जागा वाईट आहे हे दिसत असताना पुढे निघणं. पाय भरून आलेत, बाटलीत दोन घोट उरलेत, मोबाइल आठ टक्क्यांवर आलाय आणि अंधार पडतोय, अशा वेळी माणूस कुठल्याही जागेला ‘चालेल’ म्हणतो. मीही म्हटलंय.

माझी दुसरीच मोठी सफर होती. दिवसभर समोरून वारा, आणि मी हट्टाने ठरलेला आकडा गाठला. थांबले तेव्हा पूर्ण काळोख. रस्त्यापासून थोडं आत, झाडांच्या ओळीमागे एक सपाट पट्टा मिळाला. हेडलॅम्पच्या उजेडात गवत दोन रेषांत दबलेलं दिसलं. दिसलं, बरं का. दोन समांतर रेषा आणि मध्ये उभं गवत. मी मनाशी म्हटलं, जुनी वाट असेल. आणि त्या दोन रेषांच्या बरोबर मधोमध तंबू टाकला, कारण तिथलं गवत मऊ होतं. पहाटे पाचच्या आधी जमीन थरथरायला लागली आणि तंबूचं कापड आतून वाचता येईल इतकं उजळलं. ट्रॅक्टर होता. चालवणारा खाली उतरला, एक शब्द बोलला नाही. इंजिन चालू ठेवून, मी मेखा उपटेपर्यंत दिव्यांच्या झोतात तसाच उभा राहिला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझा दिवस किलोमीटरवर संपत नाही, उजेडावर संपतो. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्या मध्ये बोटं आडवी धर. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं, चार बोटं म्हणजे तासभर. मी आठ बोटांवर जागा शोधायला लागते. पहिली जागा बघते ती बहुतेक वेळा सोडण्यासाठीच, पण ती सोडायला वेळ हातात लागतो. डोंगरात सूर्य कड्यामागे लवकर जातो. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश झटकन संपतो, ध्रुवांकडे सरकशील तसा लांबतो. तेवढं धरून चाल.

उजेडाइतकंच पाणी. दुपारनंतरच्या शेवटच्या नळावर सगळ्या बाटल्या आणि ती घडीची पिशवी भरून घे. चार लिटर तरी. चार लिटर म्हणजे चार किलो, चढावर ते जाणवेल, तरी घे. पाणी जवळ नसलं की पाण्याकाठीच थांबावं लागतं. आणि पाण्याकाठी बाकीचेही थांबतात : डास, जनावरं, रात्री गप्पा ठोकत बसणारी टोळकी. शिवाय थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून घरंगळत सखल भागात साचते. ओढ्याकाठचा सुंदर खळगा आणि त्याच्यावर दहा-वीस मीटरचं टेकाड, दोन्हीकडे एकेक रात्र झोपून बघ. सकाळी खळग्यातला तंबू निथळत असतो. कोरड्या नदीपात्रात तर पाऊल टाकायचं नाही. तुझ्या डोक्यावर चांदणं असेल आणि वर कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा मध्यरात्री येईल.

ओढ्याचं पाणी प्यावंच लागलं तर खळखळून उकळू दे, एक मिनिट पुरतं, २००० मीटरच्या वर असशील तर तीन मिनिटं. तुझ्या फिल्टरने जिवाणू अडतात, विषाणू अडत नाहीत. आणि तो पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा आतून गोठला की निकामी होतो, वरून काहीच कळत नाही. थंडीत तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप.

जागेवर पोचलीस की सायकल लगेच आत ढकलू नकोस. रस्त्याकडेलाच टेकव, हात मोकळे ठेवून चालत जा. चपला घातल्या असतील तर थोडं फिरून तळवे उलटे करून बघ. सराटे असतील तर रबरात रुतलेले सापडतील, बारीक, कोरडे, मातीच्याच रंगाचे. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी त्याचं एखादं टोक वरच राहतं. तुझे टायर, तुझी मॅट आणि तंबूचा तळ, तिन्ही एका फटक्यात. अशा ठिकाणी मी पुढे जाते, आणि अगदीच इलाज नसला तर सामान उतरवून सायकल उचलून नेते. मग वर बघ. वाळलेली जाड फांदी लटकत असेल तर तिच्याखाली झोपायचं नाही, वारा नसला तरी. एकटं झाड, उघडा माथा, तारेचं लांब कुंपण, ही ढग गडगडणाऱ्या रात्रीची ठिकाणं नव्हेत. विजेपासून तंबू काडीचंही रक्षण करत नाही. पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठ, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांब. बागेतली हिरवळ फार मोह घालते. ती वाळक्या दिवसांतही हिरवी कशी, हे मनाला विचार, म्हणजे पहाटे चारला सुरू होणारे तुषार अंगावर घ्यावे लागणार नाहीत.

आता ज्याची तुझ्या आईला धास्ती आहे ते. माणसं.

माझा अनुभव असा की एकतर लोकांच्या डोळ्यांदेखत राहावं, नाहीतर कुणाच्याही नजरेला न पडता. रस्त्यावरून अर्धवट दिसणारी जागा सगळ्यांत वाईट. रंगाचं म्हणत होते ते याचसाठी. लपायचं असेल तर असं कर : जेवण उजेडात, कुठेतरी उघड्यावर करून घे, भांडी विसळ, मग चार-पाच किलोमीटर पुढे जा. मुक्कामाच्या जागी चूल नाही, वास नाही, दिवा नाही. रस्त्यावरून वळताना पुढे-मागे कुणी नाही ना बघ. असलं तर टायर तपासायचं सोंग कर आणि त्यांना जाऊ दे. अस्वलांच्या मुलखात जेवण आणि झोप वेगवेगळ्या ठिकाणी करण्याचा हा रिवाज आणखी एका कारणाने कामाचा आहे, तिथे खाणं, टूथपेस्ट, सुगंधी काहीही तंबूत ठेवायचं नाही.

पण कायदा आधी वाच. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कुणीही तंबू टाकू शकतो, राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब आणि एका जागी दोन रात्रींपर्यंत. दुसरीकडे याच गोष्टीला दंड होतो. कायदा काहीही असो, ते दीडशे मीटर मी सगळीकडे पाळते, किंवा मग सरळ दार वाजवते.

दार उजेडीच वाजवायचं. हेल्मेट आणि गॉगल काढून, सायकल मागे दिसेल अशी धरून. ‘इथे तंबू टाकू का?’ असं विचारू नकोस, त्याने समोरचा पेचात पडतो. ‘इथं आसपास रात्रीपुरता तंबू टाकायला कुठे चालेल?’ असं विचार. नाही म्हणायचं असेल तर तो बोट दाखवून दुसरीकडचा पत्ता सांगेल, कुणाचाच मान जाणार नाही. पुष्कळदा तो मान वळवून आपल्याच अंगणाकडे बघतो, आणि मग आतून कुणीतरी चहा घेणार का विचारतं. घरात बाई आहे का, मुलं आहेत का, बघ. आणि हे लक्षात ठेव, हो म्हटल्यावरही नाही म्हणता येतं. काही खटकलं तर ‘माझी मैत्रीण पुढच्या गावी पोचली, तिच्याकडे जाते’ म्हणायचं आणि निघायचं. खोटं आहे, असू दे. पण त्यासाठीही आभाळात उजेड आणि पायात पाच किलोमीटर शिल्लक हवेत. वॉर्मशॉवर्सवर नाव घालून ठेव, सायकलवाल्यांनी सायकलवाल्यांना एका रात्रीचा आसरा द्यायचा, असं ते जाळं आहे. मला तिथे चांगली माणसं भेटली. तरी यजमानाबद्दल आधीच्या पाहुण्यांनी काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय जाऊ नकोस. आजचा ठावठिकाणा रोज एका माणसाला कळव, फक्त एका. जगाला फोटो दाखवायचे ते दोन दिवस शिळे.

तंबू उभा राहिला की आधी सायकलची चड्डी बदल. बाकी सगळं नंतर. चड्डीतल्या ओल्या गादीवर तासभर बसून स्वयंपाक करणाऱ्याला चौथ्या दिवशी खोगीर टोचतं. अर्धा लिटर पाणी आणि एक फडकं घे. मान, काखा, मांड्या, शेवटी पावलं, याच क्रमाने. सायकल तंबूच्या तोंडाशी आडवी टाक, कुलूप लाव, एक दोरी तिच्यापासून तंबूच्या खांबाला बांध. मी वर रिकामं पातेलं ठेवते. चोर आला नाही, पण मांजराने एकदा मला ताडकन उठवलंय.

थंडी वरून नाही, खालून येते. स्लीपिंग बॅगची जी बाजू तुझ्या वजनाने दबते ती ऊब धरत नाही, तिथे मॅटच कामाला येते. म्हणून पैसे कमी पडत असतील तर बॅगवर वाचव, मॅटवर नको. झरोके दोन्ही बाजूंनी उघडे ठेव, गारठा असला तरी, नाहीतर तुझ्याच श्वासाची वाफ सकाळी तुझ्यावर टपकेल. आणि स्टोव्ह तंबूत पेटवायचा नाही, ऊब हवी म्हणून तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिल्या रात्री तुला झोप लागणार नाही. वाळक्या पानांवर उंदीर चालला तरी बैल चालल्यासारखा वाटतो. मी दोन तास श्वास रोखून पडले होते आणि शेवटी तंबूच्या बाहेरच्या कापडाचा सैल पट्टा वाऱ्याने फडफडत होता असं निघालं. तिसऱ्या रात्रीपासून कान आपोआप निवड करतात. संध्याकाळी पाच ते सात मात्र शेवटपर्यंत जड जातील, त्याला माझ्याकडे औषध नाही. त्या वेळात सफर सोडायचा निर्णय घ्यायचा नाही, एवढाच माझा नियम. आधी खायचं, झोपायचं, सकाळी नऊला ठरवायचं. सकाळी नऊलाही परत यावंसं वाटलं, तर ये. आणि दर पाच-सहा दिवसांनी पैसे मोजून खोली किंवा रीतसर कॅम्पची जागा घे. त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढ. ते पाकिटात असले की इतर रात्रीही वाईट जागा सोडताना हात थरथरत नाही.

सकाळी उजाडताच नीघ. ओला तंबू तसाच गुंडाळ, दुपारी जेवताना कुंपणावर वाळव. शौचाला पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, कागद आपल्या पिशवीत. निघताना मागे वळून जागा पाच मिनिटं बघ, मेखा गवतात लपतात. माझी एक अजून त्या ट्रॅक्टरवाल्याच्या वाटेत असेल.

निघायला तीन आठवडे आहेत. तोवर घराजवळच कुठेतरी, जेवण झाल्यावर, दिवे नसलेल्या कोपऱ्यात तंबू उभारायचा आणि काढायचा सराव कर. एकदा पाऊस पडत असताना कर. किती मिनिटं लागली ते मला कळव. उजेडातली नकोत, अंधारातली.

तुझी,
मावशी