बंदुकीची टोपी दुसऱ्या आघाताला का वाजते?

पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील आपली ठासणीची बंदूक घोड्याच्या पहिल्या आघाताला मुकी राहते आणि दुसऱ्याला वाजते, यावरून दोष दारूचा नसून टोपी (आघाताने फुटून दारू पेटवणारी छोटी धातूची वाटी) निपलवर, म्हणजे ती जिच्यावर बसते त्या छिद्र असलेल्या बारीक नळीवर, पुरती न बसण्याचा असावा. कारण पहिल्या आघाताचा जोर टोपी खाली रेटण्यातच खर्ची पडतो. 10 आणि 11 क्रमांकांच्या टोप्यांत फरक किंचितच असतो, शिवाय निपलही सारखे नसतात, म्हणून दोन्ही क्रमांक रिकाम्या बंदुकीवर बसवून पाहावेत. सैल टोपी चिमटून बसवण्याची युक्ती मला पसंत नाही. हिंगोलीकडच्या पावसाळ्यात गंज नको म्हणून आपण सढळ हाताने तेल लावतो, तेच निपलच्या छिद्रात साचते. बंदूक भरण्यापूर्वी ते पुसावे. टोपी फुटूनही बार न उडाल्यास नळी निर्धोक दिशेला धरून किमान 1 मिनिट थांबावे.