गडद गाडीवरची जाळी घरी काढायची, तर ड्रिल बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडची सोसायटी, तीन वर्षांची गडद निळी सेडान, ऊन पडलं की बॉनेटवर गोल चऱ्यांची जाळी दिसते. बाहेरून रबिंग-पॉलिश करून घेतलं, गाडी चकाकली आणि दोन महिन्यांत जाळी परत आली. आता घरच्या ड्रिलला फोमचा पॅड लावून स्वतः करावं का?

ड्रिल नको, कारण पुढे सांगतो. आधी जाळी परत का आली ते पाहू. बहुधा ती पुरती गेलीच नव्हती. बऱ्याच रबिंग क्रीममध्ये तेलं आणि भराव असतो. तो चऱ्यांत बसला की उजेड विखुरत नाही आणि गाडी नवी दिसते. काही वेळा शाम्पूने धुतली की भराव निघून जातो. दुसरी शक्यता म्हणजे रोज पहाटे फिरणारा फडका. तुमच्या रस्त्यावर मेट्रोच्या कामाची धूळ, तिच्यात सिमेंट आणि खडीची कच, आणि पुसणाऱ्याची एकच बादली सगळ्या विंगच्या गाड्यांना. माझ्या मते तुमच्याकडे दोन्ही कारणं आहेत. त्यामुळे फडक्याचा बंदोबस्त आधी करा, मशीन नंतर विकत घ्या.

हे चरे खरं तर गोल नसतात. ते सगळ्या दिशांना गेलेले असतात, पण उजेडाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं भासतात. काथ्याने घासलेलं स्टीलचं ताट बल्बखाली फिरवून पाहा, हेच दिसेल. पार्किंगच्या ट्यूबलाइटमध्ये जाळी जवळजवळ दिसत नाही. तपासायला ऊन हवं, नाहीतर एकच एलईडी असलेला टॉर्च, मोबाइलचासुद्धा चालतो.

आता जाडीचा हिशोब. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ. पॉलिश करताना चऱ्याभोवतीचा क्लिअर चऱ्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला जातो. डीए मशीन (पुढे सांगतो ते पॉलिशचं मशीन) आणि मध्यम पॉलिशने एका वेळी १ ते २ मायक्रॉन जातात. लोकरीचा पॅड आणि जाड कंपाऊंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश वापरलं तर बरेच जास्त. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांनी टपावर आणि बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटतात, मग नवीन रंगाशिवाय इलाज नाही. दुकानाने किती घासलं हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून ८०-९० टक्के जाळी गेली की थांबायचं. नख अडकणारा चरा तर सोडूनच द्यायचा.

ड्रिल पॅडला एकाच जागी जबरदस्तीने फिरवतं. कितीही दाबा, ते थांबत नाही, उष्णता एका ठिकाणी साचते आणि दाराच्या कडेवर किंवा बॉडीलाइनवर काही सेकंदांत क्लिअर उडतो. वर ते हातात सरळ धरता येत नाही, पॅड तिरका पडून धुरकट पट्टे उठतात. डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन फिरतं आणि त्याच वेळी थरथरतं. जास्त दाबलं की त्याचं फिरणं बंद पडतं, आणि नवशिक्याला वाचवणारी गोष्ट हीच. १२५ मिलिमीटरची बॅकिंग प्लेट (जिच्यावर पॅड बसतो ती) आणि ८ ते १५ मिलिमीटर थ्रोचं, म्हणजे थरथरण्याचा घेर तेवढा असलेलं मशीन घ्या. २१ मिलिमीटरचं मशीन मोठ्या सपाट पत्र्यावर छान चालतं, पण आपल्याकडच्या गाड्यांच्या वळणांवर अडतं.

सोबत साडेपाच इंची फोमचे मध्यम पॅड चार, मऊ पॅड दोन. पॅड जास्त लागतात याचं अनेकांना नवल वाटतं, पण एकाच पॅडने अख्खी गाडी केली तर तो तापतो, चोंदतो आणि अर्ध्या गाडीनंतर कापणं सोडतो. मेग्वायर्स एम२०५ किंवा त्या जातीचं एक फिनिशिंग पॉलिश आणि एक सौम्य कंपाऊंड, प्रत्येकी २५० मिली. एका सेडानला पुरून उरतं. ३०० ते ४०० जीएसएमचे (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे) मायक्रोफायबर कापड निदान दहा, त्यांची लेबलं कापून टाका. मास्किंग टेप. आणि आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल: एक भाग आयपीए, तीन भाग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, स्प्रेच्या बाटलीत.

जागा सावलीची हवी आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ उत्तम. पावसाळ्यात टाळा: दमट हवेत आयपीए रेंगाळतं, पुसलेला पत्रा लवकर कोरडा होत नाही आणि स्टिल्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगच्या ओल्या फरशीवर वायर टाकणं धोक्याचं. एरवीही सोसायटीच्या सॉकेटला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. मशीन आठ-नऊशे वॉटचं असतं, साधा ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो.

धुण्यात घाई नको. शाम्पूची एक बादली, हातमोजा खळबळायला दुसरी, टपापासून खाली. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन थंड पत्र्यावर अर्धा मिनिट ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. गाडी रेल्वेरुळालगत किंवा महापे-तुर्भे एमआयडीसी पट्ट्यात उभी राहत असेल तर आयर्न रिमूव्हरही मारा. लोखंडाचे कण जांभळे होऊन ओघळतात. ते वाळू द्यायचं नाही. नंतर क्ले बार (पत्र्याला चिकटलेले कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी), शाम्पूचं पाणी भरपूर मारत, जोर न लावता. पॉलिथिनची पिशवी हातात घालून पत्र्यावर बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले अजून बाकी आहे. क्ले जमिनीवर पडला की फेकून द्या, पॅड पडला की धुवा. मग गाडी पुसून कोरडी करा, आयपीए मारा आणि पुन्हा टॉर्च लावून बघा. भराव निघाल्यावर जाळी आधीपेक्षा वाईट दिसते, तीच खरी. दाराच्या कडा, धारदार बॉडीलाइन, रबर आणि खडबडीत काळं प्लास्टिक टेपने झाका. त्या प्लास्टिकमध्ये पॉलिश वाळलं की पांढरं राहतं आणि ब्रशनेही नीट निघत नाही.

आता टेस्ट स्पॉट. याला फाटा देणारेच पुढे अडकतात. बॉनेटवर दीड फूट बाय दीड फूट जागा टेपने आखा आणि सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करा: मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश. जपानी कंपन्यांच्या गाड्यांचा क्लिअर बहुधा मऊ, जर्मन गाड्यांचा कडक म्हणतात, पण तो अंदाज. तुमचा पत्रा काय सांगतो ते बघायचं. पुरेसं गेलं नाही तर तेच पॉलिश मध्यम पॅडवर. तरीही नाही, तर कंपाऊंड मध्यम पॅडवर आणि मागून फिनिशिंग. प्रत्येक वेळी आयपीएने पुसूनच निकाल बघा, नाहीतर पॉलिशमधलं तेल तुम्हालाही फसवेल. जी जोडी जमली तिनेच अख्खी गाडी करा.

नव्या पॅडला आधी पॉलिश चोळून ओलसर करा, नंतर दर भागाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन पत्र्यावर टेकवूनच सुरू करा, नाहीतर शिंतोडे छतापर्यंत. वेग १-२ वर पसरवा, मग ४-५ वर काम. हात सेकंदाला इंचभर सरकला पाहिजे, आणि हे वाटतं त्यापेक्षा खूप हळू आहे. प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवा. आधी आडवे, मग उभे, असे चार ते सहा फेरे. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसतेय तोवर दाब बरोबर आहे. ती जागच्या जागी थरथरू लागली म्हणजे तुम्ही फार दाबताय किंवा पॅड तिरका आहे. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने झाडा, दोन पॅनल झाले की पॅड बदला.

पांढरी भुकटी फार उडाली तर पॉलिश जास्त झालंय किंवा पत्रा गरम आहे. पुसताना चिकटतंय तरी कारण तेच. त्यावर पॉलिशचा ताजा थेंब फिरवला की सुटतं, कोरडं घासू नका. सगळीकडे धुरकटपणा राहिला तर पॅड जास्त कडक किंवा चोंदलेला आहे, मऊ पॅडने फिनिशिंग करा. आणि एकटे-दुकटे, वेलांटीच्या आकाराचे नवे चरे दिसले तर तिथेच थांबा, पॅडमध्ये कच अडकलीय. पॅडवर गाडीचा रंगच उतरायला लागला तर तिथे क्लिअर नाही. काही साध्या रंगांत तो मुळातच नसतो, पण तुमचा रंग मेटॅलिक असेल तर लगेच हात उचला.

बंपर प्लास्टिकचा आहे, उष्णता पसरू देत नाही, म्हणून वेग एक आकडा कमी आणि फेरे चारच. एखादा पॅनल पुन्हा रंगवलेला असेल तर त्याचा वेगळा टेस्ट स्पॉट घ्या. दाराच्या हँडलमागचे नखांचे चरे आणि आरशांचे कोपरे हातानेच करा, सरळ रेषेत. पहिल्यांदा करताय तर दोन दिवस धरा.

शेवटी आयपीए आणि त्यावर सीलंट, म्हणजे मेणासारखा संरक्षक लेप. सिरॅमिक कोटिंगचा फार गवगवा आहे. पाणी ओघळतं आणि धूळ कमी चिकटते हे खरं, पण कोरड्या फडक्याचे चरे त्यावरही पडतात.

आणि तो फडका. पुसणाऱ्या दादांना सांगा, आमची गाडी रोज नको, आठवड्यातून दोनदा, आणि पैसे पूर्ण घ्या. काचा, आरसे आणि चाकं त्यांच्याकडे, पत्रा तुमच्याकडे. पाणी कमी असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाणी न ओतता पुसायचं द्रावण: ओएनआरचं (ऑप्टिमम नो रिन्स) प्रमाण २५६ भागांना एक, म्हणजे १० लिटरला साधारण ४० मिली. त्यात सहा-सात मायक्रोफायबर भिजवून ठेवा. आधी पत्र्यावर तेच पाणी फवारून धूळ भिजू द्या, मग एका दिशेने पुसा, कापड पालटत राहा आणि वापरलेलं परत बादलीत बुडवू नका. कापडं वेगळी धुवा, फॅब्रिक कंडिशनर न घालता. कव्हर घालत असाल तर तेही काढा: वाऱ्याने हलणारं कव्हर आणि खालची धूळ मिळून दिवसभर पत्रा घासत असतात. स्टिल्टमध्ये उभ्या गाडीला त्याची गरजही नाही.