पोलो जीटी टीएसआय : घाट उतरताना ब्रेक मऊ पडतात, कोणते पॅड घालू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पोलो जीटी टीएसआय साठ हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे, पुढचे ब्रेक पॅड (डिस्कवर दाबून चाक थांबवणारे घर्षणाचे तुकडे) संपत आलेत. पुण्याहून महाबळेश्वरमार्गे कोकणात अधूनमधून उतरता. आंबेनळी घाट अर्धा झाला की जळका वास येतो आणि पेडल खोल जायला लागतं. सिरॅमिक पॅड घ्यावेत की ईबीसी कंपनीचे यलोस्टफ?

पॅडकडे वळण्याआधी एक सांगतो. जळका वास आणि खोल जाणारं पेडल हे दोन वेगळे आजार आहेत. वास पॅडचा. पॅड सोसेल त्यापेक्षा जास्त तापला की त्यातलं रेझिन जळतं आणि घर्षण कमी होतं. अशा वेळी पेडल कडकच असतं, पायाखाली दगड असावा तसं, फक्त गाडी थांबत नाही. पेडल खाली जातंय आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येतंय, तर कॅलिपरमधलं, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं, ब्रेक ऑइल उकळलंय. त्यात वाफेचे बुडबुडे झालेत आणि तुमचा पाय ते बुडबुडे दाबतोय. हे दुखणं जगातला कुठलाही पॅड बरा करत नाही. उलट महागडा पॅड घातला आणि ऑइल जुनंच ठेवलं, तर भरवशाने जास्त जोरात उतराल आणि पेडल आणखी लवकर जाईल.

या घाटात उष्णता किती तयार होते ते बघा. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आणि पोलादपूर जवळजवळ तळाला, म्हणजे १,२०० मीटरहून जास्त उतार. हिशोब केला तर ही ऊर्जा ताशी १०० किमीवरून गाडी पूर्ण थांबवण्याच्या तीसएक खेपांइतकी भरते. गाडीचं वजन या हिशोबात दोन्हीकडून कटतं, त्यामुळे एकटे जा की चौघं, खेपांचा आकडा तोच. यातली थोडी ऊर्जा हवेच्या रोधात आणि टायरमध्ये जाते. बाकीची एकतर इंजिन खातं, नाहीतर पुढच्या दोन डिस्क. मागे ड्रम आहेत, त्यांचा वाटा लहान.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. उतारावर गिअरबॉक्स डी-मध्ये सोडू नका, तो वरचा गिअर घेऊन मोकळा होतो. लिव्हर मॅन्युअलकडे ढकला आणि दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवा, मग तुमची १.२ लिटर इंजिन आणि डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असो की २०२० नंतरची १.० लिटर आणि टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक. इंजिन साडेतीन-चार हजारावर ओरडलं तर ओरडू द्या. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजेक्टर बंद असतात, पेट्रोलही जात नाही. ब्रेक मारायचा तो वळणाआधी, एकदाच, नीट जोर लावून, आणि सोडून द्यायचा. तीन किलोमीटर हलका पाय ठेवून बसणं सगळ्यात वाईट, त्यात पॅडला थंड व्हायला एक क्षणही मिळत नाही.

दुसरा उपाय ब्रेक ऑइल. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ते कोरं असताना किमान २३० अंश असतो. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की मानकाप्रमाणे हमी उरते फक्त १५५ अंशांची. कोकणातल्या पावसाळ्यात फिरणाऱ्या गाडीचं ऑइल दोन वर्षांत बदललंच पाहिजे, किलोमीटर किती झाले ते बघू नका. डॉट ५.१ घातलं तर कोरं २६० आणि ओलं १८० मिळतं, आणि ते डॉट ४ मध्ये मिसळलं तरी चालतं. नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेला डबा मात्र घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, मिसळत नाही. चारही चाकांमधून काढायचं, एक लिटर पुरतं. डब्याचं सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. गॅरेजच्या फळीवर महिनाभर उघडा पडलेला डबा म्हणजे आधीच ओलं ऑइल.

इथे एक फसगत ठरलेली आहे. घाट जोरात उतरून पोलादपूरला टपरीवर चहाला थांबलात की चाकं थांबतात, वारा थांबतो, आणि डिस्कमधली उष्णता पॅडमधून त्याला ढकलणाऱ्या पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे सरकते. उतरताना ठीक असलेलं पेडल दहा मिनिटांनी निघताना तळाला जातं ते यामुळे. म्हणून शेवटचे दोन-तीन किलोमीटर ब्रेक जवळपास न वापरता चालवा, मग थांबा. थांबल्यावर गाडी पी-मध्ये ठेवा, ब्रेकवर पाय दाबून बसू नका. तापलेला पॅड एका जागी चिकटून राहिला की डिस्कवर त्याचा ठसा उमटतो. पुढे ८०च्या वेगाने ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि मेकॅनिक ‘डिस्क वाकली’ म्हणतो. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचा थर कमीजास्त बसलेला असतो.

आता पॅड.

आधी एक गैरसमज काढून टाका. भारी पॅडने पहिला ब्रेक लवकर लागत नाही. तुमचे सध्याचे पॅड थंड असतानाही एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू करतात ना? म्हणजे मर्यादा टायरची आहे. टायर घासलेले असतील तर तो पैसा आधी तिकडे घाला. पॅड ठरवतो तो पंधरावा ब्रेक, आणि पेडलची जाणीव. म्हणून खोक्यावर ‘हाय फ्रिक्शन’ किती मोठ्या अक्षरात छापलंय ते सोडा, तुमच्या वापरात पोहोचणाऱ्या तापमानात पॅडचं घर्षण टिकतं का ते पाहा.

पॅडच्या कडेला छापलेल्या कोडच्या शेवटी बऱ्याचदा दोन अक्षरं असतात, एफएफ, एफई, जीजी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई दिसलं तर पॅड तापल्यावर पडतो असं समजा आणि घाटासाठी बाजूला ठेवा. मात्र ही चाचणी इंचभर तुकड्यावर आणि जेमतेम ३४० अंशांपर्यंत होते. दोन्हीकडे एफएफ लिहिलेले दोन पॅड गाडीवर अगदी वेगळे वागू शकतात. वाईट पॅड वगळायला ही अक्षरं उपयोगी, चांगला निवडायला नाहीत. युरोपियन मालावर आर९० या तिकडच्या नियमाची मान्यता असेल तर जास्त भरवसा ठेवा. त्यात पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के खाली-वर एवढ्याच पट्ट्यात असावी लागते.

सिरॅमिकबद्दल. या शब्दाला बाजारात ठाम अर्थ नाही, चिमूटभर सिरॅमिक तंतू असले तरी खोक्यावर तेच छापतात. चांगला सिरॅमिक शांत असतो, अलॉय व्हीलवर काळी धूळ कमी टाकतो, डिस्क कमी खातो. शहरात उत्तम. पण त्याची पहिली पकड मऊ लागते, आणि सतत तापत राहणाऱ्या वापरासाठी त्यातले बहुतेक बनवलेलेच नसतात. सेमी-मेटॅलिक (ज्यात धातू बराच असतो तो) त्याच्या उलट : धूळ जास्त, थोडा आवाज, पकड लगेच, उष्णता जास्त सोसतो. तुमच्या गाडीसाठी माझा कल सेमी-मेटॅलिक किंवा लो-मेटॅलिककडे (त्याहून कमी धातूचा) आहे.

यलोस्टफ मी तुम्हाला सांगणार नाही. वाईट आहे म्हणून नव्हे. तो जोरदार रस्ता आणि ट्रॅक यांच्या मधला पॅड आहे, कोइम्बतूरच्या कारी किंवा मद्रासच्या रेस ट्रॅकवर दिवसभर गाडी पळवणार असाल तर जरूर बघा. तुमची गाडी नव्वद टक्के वेळ कोथरूड ते हिंजवडी रांगते, तिथे फक्त धूळ आणि चिरचिर पदरात पडेल. शिवाय मागे ड्रम आहेत, पुढे घर्षण फार वाढवलं की सगळा भार पुढच्या टायरवर जातो आणि ओल्या रस्त्यावर एबीएस लवकर फडफडतो. निव्वळ रेसचे पॅड तर घालूच नका. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर कुत्रं आडवं आलं तर तापवायला वेळ नसतो.

म्हणून क्रम असा लावा. ताजं ऑइल आणि मूळ दर्जाचा पॅड, म्हणजे टीआरडब्ल्यू, एटीई, टेक्स्टार, बॉश यांच्यापैकी जो तुमच्या कॅलिपरला मिळेल तो. एवढं करून आणि गिअर धरून उतरून दोन-तीन फेऱ्या मारा. तरीही वास आला, पेडल कडक राहून पकड गेली, तर एक पायरी वर जा : फेरोडोचा डीएस परफॉर्मन्स किंवा ईबीसीचा रेडस्टफ या वर्गातला. माझा अंदाज, ती वेळ येणार नाही.

मागवताना ‘पोलोचे पॅड’ एवढं म्हणू नका. एकाच मॉडेलला इंजिनप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे डिस्कचा व्यास वेगळा असतो. चासी नंबर द्या, शिवाय सर्व्हिस बुकातल्या किंवा डिकीतल्या स्टिकरवर १झेड किंवा १एल ने सुरू होणारा तीन अक्षरी कोड असला तर तोही द्या, तो पुढच्या ब्रेकचा असतो. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जुना पॅड काढून नव्यावर ठेवून पाहणं : बाहेरचा आकार, कानांची रुंदी, मागची क्लिप. नाना पेठेत घ्या की ऑनलाइन घ्या, खोक्यावरचा नंबर आणि पॅडच्या लोखंडी पाठीवरचा नंबर जुळलाच पाहिजे. छपाई पुसट, पाठीचा रंग बोटाला लागतोय, घर्षणाच्या थराच्या कडा ढासळताहेत, असं दिसलं तर परत करा.

बसवताना पॅडपेक्षा आजूबाजूचं काम जास्त महत्त्वाचं आहे. जुने पॅड निघाले की आतला आणि बाहेरचा शेजारी धरा. एक ३ मिमी आणि दुसरा ७ मिमी उरला असेल तर गाइड पिन अडकली आहे. कॅलिपर सरकत नाही, एकच पॅड सतत घासतो आणि तापतो. तुमचा जळका वास एकाच चाकाचा असेल तर संशयित हीच. फोक्सवागन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांवर या पिना ७ मिमी ॲलन कीने सुटतात. पिना पुसून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. मेकॅनिकच्या डब्यातलं पिवळं बेअरिंगचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. ब्रॅकेटच्या खाचांमधला गंज तारेच्या ब्रशने काढा, नवा पॅड तिथे बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागला तर तो सुटणारही नाही.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोजा. साधा व्हर्नियर काठावरच्या उंचवट्यावर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. जाडी पुरेशी असेल तर १२० च्या पॉलिश पेपरने जुन्या पॅडचा थर खरवडून ब्रेक क्लीनरने पुसा. थरथर असेल तर हबवर गंज आहे का ते आधी पाहा. डिस्क आणि हब यांच्यामध्ये गंजाची एक पापडी अडकली तरी डिस्क डोलते. धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, नाकात जाते.

पिस्टन मागे ढकलताना ब्लीड निपल (कॅलिपरमधून ऑइल काढायचं तोंड) उघडून, नळी लावून ढकला, म्हणजे तळाचं काळं ऑइल एबीएसच्या युनिटकडे जात नाही, बाहेर पडतं. कॅलिपर नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला, टॉर्क पान्ह्याने. मग गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे असतो, पहिले चार-पाच दाब पोकळ जातात, आणि याच क्षणी गाड्या गॅरेजच्या भिंतीला लागतात. मागचे ड्रमही त्याच दिवशी उघडून घ्या. ड्रममधल्या शूजचा (आतून घासणाऱ्या पट्ट्यांचा) ॲडजस्टर जाम असेल तर मागचा ब्रेक नावापुरता उरतो आणि पुढच्यांवर जास्त ताण येतो.

नवे पॅड त्याच दिवशी घाटात नेऊ नका. पहाटे रिकामा रस्ता बघून ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक मारा, दर वेळी मध्ये अर्धा किलोमीटर हवा लागू द्या, पूर्ण थांबू नका. मग ८० वरून २० पर्यंत तीन-चार वेळा. थोडा वास येईल, तो नव्या पॅडचा असतो, चालतो. नंतर दहा मिनिटं ब्रेक जवळपास न वापरता फिरा. डिस्कवर सगळीकडे सारखी राखाडी झाक आली की पॅड बसले. चकाकत्या निळसर पट्ट्या दिसल्या तर घाई झाली आहे, पेपर मारून पुन्हा करावं लागेल.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीचा पहिला ब्रेक खरखरतो, तो डिस्कवरचा गंज, दोन-तीन ब्रेकमध्ये जातो. ५०० किमीनंतरही चिरचिर राहिली तर पॅडच्या मागची शिम (पातळ पत्रा) आणि क्लिप बसल्या आहेत का ते पाहा. जुन्या क्लिप नव्या पॅडला लावून देण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, आणि नव्या क्लिप खोक्यातच राहतात.