वाचक विचारतात : जुना रेडिओ टाकून नवा घ्यावा का?

प्रश्न : आमच्या घरी सकाळी आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लागते आणि दुपारी विविध भारती. डिजिटल रेडिओ येणार, असे वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचतो. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस मुंबईत केबलचे जुने प्रक्षेपण बंद झाले, तेव्हा सेटटॉप बॉक्स घेण्यावाचून इलाज उरला नव्हता. तशीच वेळ आता रेडिओवर येणार का? आणि हा नवा रेडिओ लोक खरोखर घेतील का?
— एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे आधी वळतो, कारण पहिल्याचा उलगडा त्यातूनच होतो. माझ्या मते, दुकानात जाऊन खास डिजिटल संच विकत घेणारे मुंबईकर थोडेच असतील, पण पुढेमागे तो मोटारीत किंवा मोबाइलमध्ये आयता बसवून आला, तर कोणतीही कुरकुर न करता लोक तो ऐकू लागतील. केवळ आवाज अधिक स्वच्छ येतो म्हणून कोणी पैसे मोजत नाही. एफएमच्या आवाजाबद्दल आपल्याकडे फारशी तक्रार नाहीच. तक्रार असलीच तर ती अशी की, एकामागून एक केंद्र लावत गेले तरी बहुतेक खासगी केंद्रांवर हिंदी चित्रपटगीतेच ऐकू येतात.

ब्रिटनचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. बीबीसीने सप्टेंबर १९९५ मध्ये डीएबी पद्धतीचे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, परंतु संच इतके महाग होते की पुढची काही वर्षे ते ऐकणारेच फारसे कोणी नव्हते. २००२ साली ९९ पौंडांचा संच बाजारात आला आणि त्याच वर्षी बीबीसीने केवळ डिजिटलवर ऐकू येतील अशा काही नव्या वाहिन्या काढल्या. त्यांतली एक तर मुख्यत्वे जुनी नभोनाट्ये आणि विनोदी मालिका ऐकवण्यासाठीच होती. संच आवाक्यात आला आणि त्यावर दुसरीकडे न मिळणारे काही ऐकायला मिळू लागले, तेव्हा कुठे गाडे हलले. तरीही एकूण रेडिओश्रवणातला डिजिटलचा वाटा निम्म्यावर जायला २०१८ साल उजाडले आणि त्या वाट्यात इंटरनेट व दूरचित्रवाणीवरून ऐकणारेही धरलेले होते. (आपल्याकडे ‘पुन्हा प्रपंच’ आणि जुन्या श्रुतिकांसाठी एखादी स्वतंत्र वाहिनी निघाली, तर आमच्या पिढीतले कितीतरी जण संचाची किंमत न विचारता रांगेत उभे राहतील, असे मला उगाचच वाटत राहते.)

नॉर्वेने उलट वाट धरली. तिथे २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंदच करण्यात आले आणि लहान स्थानिक केंद्रांना तेवढी एफएमवर राहण्याची मुभा मिळाली. लोकांनी संच घेतले खरे, पण नाइलाजाने, आणि रोज रेडिओ लावणाऱ्यांची संख्या त्यानंतर घटली. असा स्वीकार मी खरा स्वीकार मानत नाही.

भारतात आकाशवाणीने डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडियाल) ही डिजिटल प्रक्षेपणाची वेगळी पद्धत निवडली आणि मध्यम लहरींवरचे पस्तीसच्या आसपास प्रक्षेपक तिच्यासाठी सज्ज केले, म्हणजे खर्च करून झाला आहे आणि वाण आहे ती संचांची. लॅमिंग्टन रोडवर साधा एफएम संच काही शे रुपयांत हातात पडतो. डीआरएमचा मागितलात, तर दुकानदार बहुधा आपल्याकडेच पाहत राहील. काही नव्या मोटारींत मात्र तो आधीच बसवलेला असतो आणि गाडीच्या मालकाला त्याची कल्पनाही नसते.

आता आपली मुख्य चिंता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी केंद्रांसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत मुंबईसह मोठ्या शहरांपासून सुरुवात करावी आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर जुने एफएम व नवे डिजिटल प्रक्षेपण बरोबरीने चालवावे, असे सुचवले आहे. म्हणजे केबलसारखी एका रात्रीत गळचेपी होण्याचे सध्या तरी कारण दिसत नाही. आणखी एक फरक लक्षात ठेवावा. एफएमचे प्रक्षेपण क्षीण झाले, तर खरखर वाढते पण शब्द कळत राहतात. डिजिटलचे क्षीण झाले, तर आवाज तुटतो आणि मग एकदम शांतता पसरते. चाळीतल्या आतल्या खोलीत किंवा उंच इमारतींच्या गर्दीत हा फरक जाणवू शकतो. आज तरी आपला संच आहे तिथेच, स्वयंपाकघराच्या फळीवर, असू द्यावा.

प्रश्न : मोबाइलच्या ॲपवर आकाशवाणीसह हवी ती वाहिनी ऐकता येते. मग डिजिटल रेडिओची गरजच काय?
— एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : ॲपवर प्रत्येक श्रोत्यासाठी इंटरनेटची वेगळी वाट लागते, श्रोते वाढले की भार वाढतो आणि नेटवर्क कोलमडले की सारेच बंद पडते. रेडिओच्या प्रक्षेपकाला मात्र शंभर श्रोते असोत की एक कोटी, सारखेच. २६ जुलै २००५ च्या पुरात उपनगरांतली वीज गेली होती आणि मोबाइल लागत नव्हते, ते ज्यांनी पाहिले त्यांना बॅटरीवर चालणाऱ्या संचाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. डीआरएममध्ये तर संकटाचा इशारा आल्यास संच आपोआप त्या प्रक्षेपणाकडे वळेल, अशीही सोय आहे. मात्र हे सारे संच हाताशी असेल तरच. मोबाइलमध्ये एफएम चालू ठेवावे, अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये उत्पादकांना केली होती, तरी कित्येक नव्या फोनांत ती सोय दिसत नाही, आणि एफएमचीच ही गत असताना डिजिटल रेडिओ फोनमध्ये लवकर येईल, अशी आशा मी धरत नाही. तोवर लोकलच्या प्रवासात आपले ॲप झिंदाबाद.

प्रश्न : वीसेक वर्षांपूर्वी वर्गणी भरून ऐकायच्या उपग्रह रेडिओचा संच घेतला होता. सेवा बंद पडली आणि संच माळ्यावर गेला. तो आता चालेल का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : नाही. तो संच थेट उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी पकडण्यासाठी बनवलेला होता आणि ती सेवा भारतात २००९ च्या अखेरीस बंद झाली. डीआरएमच्या लहरी आणि त्यांची सांकेतिक रचना दोन्ही निराळी आहेत. संचाला बाहेरून वायर जोडण्याची सोय असेल, तर मोबाइल जोडून स्पीकर म्हणून तो वापरता येईल.